लाल फडक्याचं साल

डोहगावात लग्न न झालेले बाप्ये आणखीही आहेत, पण त्यांचं काही ना काही कारण सांगता येतं. एकाला दारू आडवी आली, एकाला आई, आणि एक तर सरळ साधूच झाला. मनोहररावांचं कारण मात्र कोणालाच धड सांगता येत नाही. पोरगी पाहायला निघायचं ठरलं तेव्हा वडील वारले. सुतक फिटेपर्यंत पोरगी दुसरीकडे दिली गेली. पुढच्या साली पाऊस नव्हता, त्याच्या पुढच्या साली तलावात मासे नव्हते, आणि मग एक दिवस न्हाव्यानेच सांगितलं, "कानाजवळ पांढरे झाले जी." असं ते राहूनच गेलं. नावामागे 'राव' लागलं ते वयाने की मस्करीने, हे गावात कोणाला विचारू नये. दोघंतिघं एकदम हसतात.

जातीने ढिवर, धंद्यानेही ढिवर, मासे धरणारे. तलाव गावाच्या उगवतीला. पाळीवर दोन चिंचेची झाडं, मच्छीमार संस्थेची एक खोली, आणि खोलीच्या कोपऱ्याला तारेने आवळलेला एक उंच बांबू. मनोहररावांची सारी इज्जत या बांबूला टांगलेली. म्हणजे खरोखरच टांगलेली. बांबूवर हिरवा फडका लागला की संस्थेने जाळं ओढायचं. लाल लागला की जाळी गुंडाळून ठेवायची आणि माणसांनी दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जायचं. फडका लावायचा अधिकार एकट्या मनोहररावांचा.

ही काही बापजाद्यांची रीत नव्हे. मागे एकदा तलाव इतका ओरबाडला गेला की जाळ्यात बोटभर मासोळ्या आणि जुन्या चपला, एवढंच यायचं. त्या साली नागपूरच्या एका संस्थेकडून सुरभी मॅडम आल्या. त्यांनी भाषण ठोकलं नाही. पाळीवर मांडी घालून बसल्या आणि म्हाताऱ्यांना म्हणाल्या, तलाव बरा होता तेव्हा तुम्हाला ते कशावरून कळायचं? मग काय, म्हाताऱ्यांना तेवढंच हवं होतं. मरळीची जोडी दिसायची, काठच्या गवतात चंदेरी मासोळी उसळायची, पाण्यातला दगड वरून दिसायचा, रोहू हातात मावत नव्हता, असं एकेक निघालं. मॅडमनी त्यात आपली भर घातली. दोरीला पांढरी थाळी बांधून पाण्यात सोडायची, ती कुठे दिसेनाशी होते ते पाहायचं. लवकर बुडाली तर समजायचं की पाणी हिरवं झालं, वावरातलं खत तलावात उतरलं. बारीक-मोठ्या भोकांचं एक चाचणीचं जाळं गावाकडून, वावरांकडून आणि नाल्याच्या तोंडाशी असं तिन्ही बाजूंनी टाकायचं. आणि तिन्ही बाजूंचे मासे पाहायच्या आधी एकाच टबात ओतायचे. ही शेवटची अट म्हाताऱ्यांचीच. त्यांना आपली पोरं माहीत होती. नाल्याच्या तोंडाशी ताजं पाणी असतं, मोठे मासे तिथेच जमतात, तेवढेच दाखवून कोणीही तलाव भरलेला आहे म्हणेल.

हे काम कोणी करायचं यावर संस्थेत सभा झाली. अध्यक्ष अण्णाजी म्हणाले, "मनोहरले द्या. त्याच्या घरी वाट पाहणारं कोनी नाई. सकायपासून तलावावर बसला तरी कोनाचं काई अडत नाई." सगळ्यांना पटलं. मनोहररावांनाही पटलं. नेमणूक अशी गुणांवर झाली.

तेव्हापासून गाव त्यांना तलावाचा वैद्य म्हणू लागलं. वैद्य रोज नाडी पाहायचा, पण रोग्याची विचारपूस कोणी करेल तर शपथ. रस्त्याने जाणारा बैलबंडीवरूनच ओरडे, "का गा, हिरवं का लाल?" रंग कळला की बंडी पुढे. आता रंगामागे किती काय असतं! थाळी कशी हळूहळू फिकी होत जाते, पाणकावळे आज पलीकडच्या काठाला का बसले, मासोळी गवत सोडून मधोमध का गेली. हे सगळं मनोहररावांच्या पोटात साठत जायचं आणि संध्याकाळी भातासोबत खाली उतरायचं. शेजारच्या कौशल्याबाईंना एकदा सांगून पाहिलं. त्या कोथिंबिरीची जुडी सोडत म्हणाल्या, "भाऊजी, मले सांबार निवडाचा हाय."

विचारणारं माणूस एकच होतं, आणि ते आर्वीहून यायचं. गोपिकाबाई.

गोपिकाबाई आर्वीच्या बाजारात मासोळी विकायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरगी अमरावतीकडे दिलेली. हिरव्या सालात, माघापासून उन्हाळ्यापर्यंत, जाळं ओढायच्या दिवशी पहिल्या बसने ती डोहगावात उतरायची. टोपली पालथी घालून चिंचेखाली बसायची आणि जाळं बाहेर येईपर्यंत विचारायची, "मनोहरभाऊ, यंदा पानी कसं हाय?" तिच्या धंद्याचा तो प्रश्न. पाणी कसं, त्यावर मासा किती दिवस टिकेल, काय चव लागेल, गिऱ्हाईक परत येईल की नाही, हे ठरायचं. पण विचारून झाल्यावर ती उत्तर ऐकायची. मधेच म्हणायची, "मंग? पलीकडे काऊन गेली मासोळी?" आणि मनोहरराव सांगायचे.

त्या दिवसांत ते दाढी करायचे हे सगळ्या गावाला माहीत होतं. घरून थर्मासमध्ये चहा आणायचे तेही माहीत होतं. थर्मास नवा घेतला, तेव्हा तर कौशल्याबाईंनी दारात उभं राहून त्याची किंमत विचारली. फक्त गोपिकाबाईला काही माहीत नव्हतं, किंवा असेल तर तिने ताकास तूर लागू दिली नाही. ती भाऊच म्हणायची. पण ती कंडक्टरलाही भाऊ म्हणायची आणि बर्फवाल्यालाही, तेव्हा त्यात फार मनाला लावून घेण्यासारखं नव्हतं. निदान मनोहररावांनी तरी घेतलं नव्हतं.

आता त्या सालची गोष्ट.

आदल्या मोसमात जाळं जरा जास्तच ओढलं गेलं होतं. पाऊस उशिरा आला. पेरलेलं मत्स्यबीज धड वाढलं नाही. माघ उजाडला आणि मनोहरराव चाचणीला डोंगा घेऊन निघाले. थाळी सोडली तर ती कोपरभर दोरीतच दिसेनाशी झाली. गावाकडच्या बाजूने जाळं काढलं, सगळा बारीक माल. वावरांकडून काढलं, तेच. चंदेरी मासोळी चिमूटभर, मरळ एकही नाही. नाल्याच्या तोंडाशी मात्र आठ-दहा रोहू आणि दोन कतला असे देखणे निघाले की पाहत राहावं.

गोपिकाबाईचा फोन नेमका तेव्हाच आला. डोंगा पाण्यात, टब पायाशी, हात ओले.

"भाऊ, झाली का चाचणी? कसं हाय यंदा? मले बर्फाचं सांगा लागते. अन् धरनावरचा ठेकेदार रोज इचारून राह्यला, तिकडे माल घ्याले येता का म्हनून. मी म्हटलं, आमच्या डोहगावचं कळू दे आधी."

'आमच्या डोहगावचं.' झालं. मनोहररावांनी पायाशी पाहिलं. नाल्याचे रोहू अजून वेगळ्या टबात होते. ओतायचे राहिले होते.

"हिरवं," ते म्हणाले. "या तुमी."

काठाला आले आणि बांबूवर हिरवा फडका चढवला. अण्णाजींनी टबात डोकावून पाहिलं, रोहू पाहिले, आणि मनोहररावांच्या पाठीवर थाप दिली. दुपारपर्यंत संस्थेतल्या घराघरांतून जाळी बाहेर निघाली. पोट्टे दोर तपासायला बसले. कोणी साडूला फोन केला, कोणी मसाला वाटायला घेतला.

मनोहरराव मात्र पाळीच्या पलीकडल्या अंगाला, दुसरा टब घेऊन बसले होते. चाचणीतले बारीक मासे पाण्यात परत सोडायचे असतात, ते सोडत होते. एकेक मूठ. सगळे एकाच वयाचे, एकाच उंचीचे, शाळेच्या एकाच वर्गातल्या पोरांसारखे. यांच्यात एकही मागच्या सालचा नाही, अंडी घालणारी एकही मादी नाही. उद्या जाळं ओढलं की नाल्याजवळचे ते थोडे मोठेही जातील आणि हा वर्गही जाईल. मग पुढच्या माघात कसली चाचणी आणि कसला फडका. आणि पुढच्या माघात गोपिकाबाई तरी कशाला येईल रिकाम्या तलावावर? असा उलटा हिशेबही त्यांनी मनात करून पाहिला. कसाही केला तरी उत्तर एकच येत होतं.

दिवस कलताना ते उठले. नाल्याचे रोहू-कतला परत पाण्यात सोडले. बांबूजवळ गेले आणि सगळ्यांदेखत हिरवा फडका काढून लाल लावला.

काय बोलणी बसली ती विचारू नका. अण्णाजी म्हणाले, "अगा मनोहर, सकायी काय डोये घरी ठेऊन गेलतास?"

"तिन्ही बाजूचं एका टबात ओतलं नव्हतं मी," मनोहरराव म्हणाले.

"काऊन नव्हतं ओतलं?"

मनोहरराव लाल फडक्याची गाठ पुन्हा आवळू लागले. उत्तर होतं, आणि तिथे उभ्या असलेल्या अर्ध्या माणसांना ते माहीतही होतं. कोणीतरी मागून खोकलं. एकजण म्हणाला, "वैद्यालेच ताप चढला जी." हसू फुटलं, पण ते नेहमीचं हसू नव्हतं. जाळी घडी होऊन परत आत गेली. फडका मात्र कोणी बदलला नाही. नियम तो नियम, आणि ओरबाडलेल्या सालच्या चपला अजून कोणी विसरलं नव्हतं.

आता उरला एक फोन. मनोहररावांनी मोबाइल हातात घेतला. ठेवला. भाताचा कुकर लावला, पुन्हा घेतला. 'हिरवं म्हणालो होतो, लाल झालं,' एवढंच सांगायचं. पण पुढे ती विचारणार, काऊन? माणूस मोठा विचित्र. सगळ्या गावापुढे फडका उतरवायची छाती झाली, आणि एका बाईला दोन शब्द सांगायची झाली नाही. फोन तसाच राहिला.

सकाळच्या बसमधून गोपिकाबाई उतरली. दोन टोपल्या, भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी, कंडक्टरनेच उतरवून दिली. तिने आधी तलावाकडे पाहिलं. जाळं नाही, माणसं नाहीत. मग बांबूकडे.

मनोहरराव चिंचेखाली उभे होते. दाढी केलेली नव्हती.

"भाऊ, काल तुमी मले हिरवं सांगतलं."

"हो."

"मंग हे काय लटकून राह्यलं?"

"लाल हाय."

"रंग दिसतात मले. इचारून राह्यली का बदललं कवा?"

"काल संध्याकायी."

"संध्याकायी. अन् मी बर्फ घेतला रातच्या आठ वाजता." ती टोपलीवर बसली. "एक फोन कराचा होता भाऊ."

"कराचाच होता."

"मंग?"

अण्णाजी तिथून चालले होते. त्यांना राहवलं नाही. "त्याचा बॅलन्स संपला असन, बाई."

गोपिकाबाई हसली नाही. मनोहरराव पाळीच्या मातीत अंगठ्याने रेघ ओढत राहिले. परतीची बस यायला वेळ होता. भुशातून पाणी झिरपून रस्त्यावर ओघळायला लागलं. त्यांनी टोपल्या सावलीला सरकवल्या, तर ती म्हणाली, "राहू द्या." पाणी कसं आहे हे तिने त्या दिवशी विचारलं नाही.

बस लांबून दिसली तेव्हा ती उठली. "तलाव तुमचा, लाल करा नाई तर पिवया करा. माहा काई वाद नाई. पन माहा धंदा रोजचा हाय भाऊ. मले शब्दावर चाला लागते. आता मी धरनावरच्याले हो म्हनतो म्हटलं तर राग नका मानू."

"नाई," मनोहरराव म्हणाले. "जाजो तुमी."

बर्फ तिने तिथेच टाकला.

लाल साल मोठं लांबलचक असतं. उत्पन्न बुडालेली माणसं उघड भांडली नाहीत. ती फक्त कमी बोलू लागली. वावरात मजुरीला जाताना बंडी पाळीवरूनच जायची, पण आता 'हिरवं का लाल' विचारायचीही गरज उरली नव्हती. रंगपंचमीला मनोहररावांच्या अंगावर कोणी रंग टाकला नाही. एकाने टाकला, तो लाल.

त्यांनी आपलं काम सोडलं नाही. तलावाला लागून भाजीपाल्याची वावरं आहेत. तिथले कास्तकार खताची पोती तलावात धुवायचे. मनोहरराव रोज जाऊन उभे राहायचे. भांडायचे नाहीत, नुसते उभे राहायचे. शेवटी कंटाळून एकाने विहिरीवर धुवायला सुरुवात केली, मग दुसऱ्याने. काठचं गवत बैलांना कापून न्यायचं बंद झालं, कारण कापायला गेलं की पाळीवर हा माणूस दिसायचा आणि उगाच दिवसभर मनाला चुटपुट लागायची. कौशल्याबाई म्हणाल्या, "भाऊजी, तुमाले पाहूनच लोकायले पाप आठवते."

पावसाळ्यात एक दिवस झड उघडली होती. मनोहरराव डोंग्यातून काठाकाठाने चालले होते. गवताच्या बेचक्यात पाण्यावर लालसर काहीतरी हललं. मूठभर कुंकू सांडावं तसं. मरळीची पिल्लं. पिल्लांचा अख्खा गोळा एकदम वर यायचा, हवा घ्यायचा, एकदम खाली जायचा. आणि त्यांच्या खाली काळी सावली, एक नाही दोन, आई आणि बाप, राखण करत. गेल्या कित्येक सालांत दिसली नव्हती ती जोडी.

मनोहररावांनी वल्हं आडवं धरलं. श्वासही हळू घेतला. मग त्यांनी सवयीने मागे वळून पाहिलं, कोणाला तरी दाखवायला. पाळीवर एक गाय उभी होती.

खिशातून मोबाइल काढला. नाव समोर आणलं. बराच वेळ त्या नावाकडे पाहिलं. फोटो काढावा म्हणून हात पुढे केला तेवढ्यात डोंगा हलला आणि गोळा विस्कटून बुडाला.

पुढच्या माघात चाचणी झाली. तिन्ही बाजूंचे मासे एकाच टबात, पहिल्यापासून. थाळी इतकी खोल गेली की दोरी कमी पडते की काय असं वाटलं. मोठा रोहू, मधला रोहू, पोटुशा माद्या, काठची चंदेरी मासोळी, एक मरळ. हिरवा फडका लागला तेव्हा अण्णाजींनी नारळ फोडला आणि मनोहररावांना पहिला तुकडा दिला. जाळं ओढलं गेलं ते असं की पोट्ट्यांचे हात सोलले. लोक पुन्हा बोलू लागले, चेष्टा करू लागले, आणि वैद्याचं औषध लागू पडलं म्हणाले.

माल न्यायला वर्ध्याहून टेम्पो आला. थर्माकोलचे डबे, वजनकाटा, मोबाइलवर पैसे. पोरगा चटपटीत. टेम्पोतून खाली न उतरता त्याने माल मोजून घेतला आणि गेला. चिंचेखाली कोणी टोपली पालथी घातली नाही. मनोहररावांनी थर्मास आणला होता. चहा त्यांनी पाळीच्या उतारावर एकट्याने प्यायला, दोन कप.

बाजाराच्या दिवशी त्यांनी आपल्या वाट्यातला एक रोहू निवडला. सगळ्यात मोठा नव्हे. सगळ्यात मोठा आणला तर काहीतरी सांगितल्यासारखं होतं. मधला, चकचकीत, लाल कल्ल्यांचा. ओल्या फडक्यात गुंडाळला, कापडी पिशवीत घातला, वर कोथिंबिरीची जुडी खोचली आणि आर्वीच्या बसमध्ये बसले. आता मासोळी विकणाऱ्या बाईला मासा भेट न्यायचा म्हणजे हलवायाच्या घरी पेढे न्यायचे. पण दुसरं काय न्यायचं, हे त्यांना सुचलं नाही. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंही.

गोपिकाबाई आपल्या जागेवर होती. समोर धरणाचा माल, हातात कोयता, तोंडाने गिऱ्हाईक. तिने त्यांना पाहिलं आणि कोयता थांबला.

"अगा बाप्पा, मनोहरभाऊ. इकडे कुठी?"

"आलतो असाच. बाजाराले."

"पिशवीत काय हाय?"

"सांबार."

"सांबाराचा वास मले येते भाऊ. त्याच्या खालचाबी येते." तिने हात पुढे केला. पिशवी घेतली, फडकं सोडलं, कल्ला बोटाने उचलून पाहिला. मग पाठीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ मासा हातात धरला. "पानी निवयलं म्हनाचं तलावाचं."

"निवयलं."

"कसं हाय आता?" ती पुढचा मासा कापता कापता, मान वर न करता म्हणाली.

मनोहररावांना अख्खं साल एकदम सांगायचं होतं. थाळी, गवत, खताची पोती, पावसाळ्यातली ती जोडी. "मरळ आली," ते म्हणाले. "पिल्लं घेऊन. कुकवावानी लाल. दोघंही होते खाली, माय अन्..."

"भाऊ, जरा सरकता का? गिऱ्हाईक उभं हाय."

ते सरकले. गिऱ्हाईक जाडजूड, घड्याळवालं. त्याची नजर नेमकी त्या रोहूवर गेली. "हा धरनाचा नाई दिसत, बाई."

"नाई जी. डोहगावच्या तलावाचा हाय. सकायचा. असा तुमाले आज बाजारात दुसरा नाई भेटनार." आणि मनोहररावांना ती म्हणाली, "एकच आनला? एक इकाले बसचं तिकीट काहाडलं?"

मनोहररावांनी मान हलवली. हो की नाही, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. तिला हो वाटलं. मासा तराजूत गेला, कापला गेला, पिशवीत भरला गेला. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं.

गोपिकाबाईने हात पुसले आणि नोटा त्यांच्या हातात ठेवल्या. आपला वाटा कापून नव्हे, आलेल्या सगळ्याच्या सगळ्या.

"हे तुमीच ठेवा," मनोहरराव म्हणाले.

"मी काऊन? मासा तुमचा. मी निसता कापला."

"असू द्या ना."

"नाई भाऊ." ती हसली, अगदी चांगलं हसली. "धरनावर माहं बरं चालू हाय. शब्दाचा मानूस हाय ठेकेदार. तुमी माहा विचार नका करू. तलाव सांभाळजो." आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळली.

ते थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मग बाजूच्या दुकानदाराने विचारलं, "काई पाहिजे का काका?" तेव्हा निघाले.

संध्याकाळी बसमधून उतरले तर कौशल्याबाई ओट्यावरच होत्या. त्या दिवशी अख्ख्या गल्लीला ओट्यावरच काम निघालं होतं.

"आले का भाऊजी आर्वीहून?"

"आलो."

"मासा नेलता म्हनते."

"नेलता."

"मंग? देल्ला?"

"इकला."

कौशल्याबाईंचं तोंड उघडंच राहिलं, आणि ते सहसा राहत नाही. कोपऱ्यावर कोणाला तरी हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं.

"काय भाव लागला?" त्यांनी शेवटी हळूच विचारलं.

"चांगला लागला," मनोहरराव म्हणाले, आणि दार लोटून घेतलं.

त्या नोटा त्यांनी कशात खर्चल्या, की खर्चल्याच नाहीत, हे गल्लीला अजून कळलेलं नाही. गल्लीने प्रयत्न केले नाहीत असं मात्र कोणी म्हणू नये.